बिंदुनामावलीच्या वहीतून दिसलेलं आरक्षण

प्रश्न विचारणारा तरुण राज्यसेवेची तयारी करतोय. खुल्या प्रवर्गातला आहे, वडील कोरडवाहू शेती करतात. त्याचं विचारणं थोडक्यात असं: आरक्षण मुळात कशासाठी आणलं, त्यातून खरंच काय साधलं, आणि सरळ गरिबी हाच निकष का ठेवत नाहीत? शेवटी त्याने असंही विचारलंय की घटनेत दहाच वर्षं लिहिली होती ना, मग अजून चालू कसं?

माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली आणि त्यातली बरीच वर्षं विभागीय आयुक्त कार्यालयाच्या मागासवर्ग कक्षात. बोलताना आम्ही त्याला 'मावक' म्हणायचो. वेगवेगळ्या कार्यालयांच्या आणि अनुदानित संस्थांच्या बिंदुनामावल्या, म्हणजे पदवार आरक्षणाच्या नोंदवह्या, तपासणं हे आमचं काम. कुठलं पद कोणत्या प्रवर्गाच्या बिंदूवर, त्यावर कोण आलं, कधी आलं, जात वैधता प्रमाणपत्र आहे का, अनुशेष (राखीव असून न भरलेली पदं) किती, हे सगळं त्या वहीत असतं. ती वही वाचत वाचतच मला आरक्षण कळलं, त्यामुळे उत्तरही तिथूनच देतो.

आधी हेतू. २६ जुलै १९०२ ला राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात आदेश काढला की यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गातल्या लोकांना द्यायच्या. हा आदेश बहुतेकांना ठाऊक असतो. त्याच्या मागचे आकडे मात्र फारसे कुणी सांगत नाही. महाराज १८९४ मध्ये गादीवर आले तेव्हा संस्थानच्या सामान्य प्रशासनातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते, आणि कारकुनीच्या सुमारे ५०० जागांवर ब्राह्मणेतर होते दहा. म्हणजे जी बहुसंख्य रयत सारा भरत होती, तिचं माणूस कचेरीत जवळजवळ नव्हतंच. अर्ज लिहिणारा, वाचणारा आणि त्यावर निकाल देणारा, तिघेही एकाच वर्तुळातले.

त्या आदेशातलं एक कलम माझ्या कामाचं म्हणून मला फार जवळचं वाटतं. प्रत्येक खात्याच्या प्रमुखाने नवीन नेमणुकांचं तिमाही विवरणपत्र पाठवायचं, असं त्यात होतं. नुसतं 'जागा द्या' म्हटलं की जागा दिल्या जात नाहीत, हिशेब मागावा लागतो, हे महाराजांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. आजची बिंदुनामावली त्या विवरणपत्राचीच नात आहे. आणि दुसरं असं की महाराज नोकऱ्या देऊन थांबले नाहीत. आदेशाच्या आदल्याच वर्षी, १९०१ मध्ये, कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग उघडलं होतं. पुढे एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली आणि १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला. जागा आणि त्या जागेपर्यंत पोचायची वाट, दोन्ही एकदम. ही गोष्ट पुढे पुन्हा येईल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते तेव्हा, १९४३ मध्ये, अनुसूचित जातींना केंद्राच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा मिळाल्या. मग संविधान आलं. अनुच्छेद १६(४) एकदा शांतपणे वाचा. नागरिकांच्या ज्या मागासवर्गाला राज्याच्या सेवांमध्ये पुरेसं प्रतिनिधित्व नाही, त्याच्यासाठी राखीव जागा ठेवता येतील, एवढंच तिथे म्हटलंय. त्यात गरिबी हा शब्द नाही. ज्यांना जन्मावरून सत्तेच्या, ज्ञानाच्या आणि निर्णयाच्या जागेबाहेर ठेवलं, त्यांना त्या जागेच्या आत आणणं हा हेतू आहे. नोकरीमुळे एका घराची चूल नीट पेटते, हे खरं आणि चांगलंही आहे, पण मूळ हेतू त्याच्या पलीकडचा आहे.

आता 'आत आणणं' म्हणजे नेमकं काय, हे एका प्रकरणावरून सांगतो.

जातीचा दाखला काढताना पुराव्याची तारीख लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेआधीचा कागद हवा. ज्यांच्या घरात सातबारा आहे, आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा आहे, त्यांना हे जड जात नाही. कैकाडी समाजातला एक बाप मुलीला घेऊन आमच्या टेबलापाशी आला होता. मुलगी बारावी झालेली, प्रवेशाची तारीख जवळ आलेली. घरात १९६१ आधीचा एकही कागद नाही. आजोबा शाळेत गेले नाहीत, जमीन कधी नव्हती. 'पुराव्याअभावी अर्ज परत' हा शेरा आमच्याकडच्या जुन्या लोकांना तोंडपाठ होता आणि तो नियमाला धरूनच होता.

त्या टेबलावर तेव्हा एक लिपिक होता, विमुक्त जाती (अ) च्या बिंदूवर लागलेला. त्याने शेरा मारला नाही. बापाला समोर बसवून विचारलं, 'तुमचे आजे सेटलमेंटमध्ये होते का?' बाप थोडा बिचकला, मग म्हणाला, 'होय, सोलापूरला, तारेच्या आत.' ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली काही जमातींना सोलापुरात काटेरी तारेच्या कुंपणात ठेवलं जायचं आणि त्यांची हजेरी घेतली जायची. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण हजेरी घ्यायची म्हणजे नोंद करायची, आणि नोंदीत नाव, बापाचं नाव, जमात. लिपिकाचे स्वतःचे आजोबा त्याच तारेआड वाढले होते. अपमानाचा तो कागद पुरावा म्हणून चालतो, हे आमच्या अख्ख्या कार्यालयात फक्त त्याला सुचलं. जोडीला गावच्या जन्म-मृत्यूची कोतवाल बुकं चाळली. तीन आठवड्यांत नोंद सापडली आणि मुलीला दाखला मिळाला.

माझं वाचन त्या लिपिकापेक्षा जास्त होतं, परीक्षेत गुणही जास्त होते. मला सेटलमेंट हा शब्द पुस्तकात भेटलेला होता, टेबलावर आठवला नाही. कार्यालयाला काय माहीत असतं, हे त्या कार्यालयात कोण बसलंय यावर ठरतं. प्रतिनिधित्व म्हणतात ते हे.

आता वहीकडे येऊ, कारण परिणामांबद्दल बोलायचं तर आधी आरक्षण पुरतं लागू झालं का, हे पाहावं लागतं. आपल्याकडे २००१ चा राज्य लोकसेवा आरक्षण अधिनियम २९ जानेवारी २००४ पासून अमलात आला. त्यात अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती (अ) ३, भटक्या जमाती (ब) २.५, (क) ३.५, (ड) २, विशेष मागास प्रवर्ग २ आणि इतर मागासवर्ग १९, असे मिळून ५२ टक्के होतात. नंतर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे १० आणि २०२४ पासून मराठा समाजासाठी सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाचे १० टक्के आले. कागदावर हे इतकं स्पष्ट आहे. वही उघडली की वेगळंच दिसायचं.

एका अनुदानित शिक्षण संस्थेची वही आठवते. सरळसेवेची ६० पदं. १३ टक्क्यांनी अनुसूचित जातींची ७.८, म्हणजे ८ पदं. गोषवाऱ्यात लिहिलेलं: आवश्यक ८, भरलेली ९, अतिरिक्त १. संस्थेचे पदाधिकारी अभिमानाने म्हणाले, 'आमच्याकडे एक जास्तच आहे साहेब.' मी निवड याद्या मागवल्या. त्या मिळायला दोन महिने लागले. याद्या लावून बघितल्या तर नऊपैकी तिघे कोणतीही सवलत न घेता, निव्वळ गुणांवर, खुल्या यादीत बसलेले. त्यांना अराखीव बिंदूवर दाखवायला हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सभरवाल प्रकरणात हे पक्कं केलंय. म्हणजे राखीव बिंदूंवर भरलेले सहाच, आणि एक अतिरिक्त नसून दोनचा अनुशेष. बाकीच्या प्रवर्गांचंही थोड्याफार फरकाने तसंच निघालं.

तुम्हाला ही तांत्रिक बाब वाटेल, पण माझ्या मते या सगळ्या वादाची गाठ इथेच आहे. जो मुलगा गुणांवर खुल्यातून येतो, त्यालाही आडनाव बघून 'कोट्यातला' म्हणून टाकलं जातं. मग राखीव जागा ही कमीत कमी संख्या राहत नाही, तीच कमाल मर्यादा होऊन बसते, आणि 'खुला' म्हणजे 'उच्चवर्णीयांसाठी राखीव' असा अर्थ होतो. खुला प्रवर्ग कुणा जातीचा नाही, तो सगळ्यांचा आहे. समांतर आरक्षणात, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत महिला वगैरेंसाठी ठेवलेल्या जागांत, तर हा गोंधळ किती वर्षं चालला. खुल्या-महिलेच्या जागेवर जास्त गुण असूनही मागासवर्गीय महिलेचा विचार होत नव्हता. डिसेंबर २०२० मध्ये सौरव यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला स्पष्ट सांगावं लागलं की खुल्या जागेसाठी जात आडवी येत नाही, गुण बघा.

अनुशेषाचं दुसरं मोठं कारण म्हणजे 'पात्र उमेदवार मिळाला नाही' हा शेरा. कधी तो खरा असायचा, विशेषतः तांत्रिक पदांवर. पुष्कळदा जाहिरात अशा वर्तमानपत्रात आलेली असायची की जे त्या जिल्ह्यात पोचतच नाही.

बरं, जिथे आरक्षण नीट लागू झालं तिथे काय झालं? 'कार्यक्षमता घसरते' हा आक्षेप मी आयुष्यभर ऐकला. त्याची तपासणी झालेली आहे. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेची १९८० ते २००२ ची आकडेवारी लावून पाहिली. वरच्या अ आणि ब गटांत अनुसूचित जाती-जमातींचे अधिकारी वाढले म्हणून उत्पादकता कमी झाल्याचा कुठलाही पुरावा त्यांना मिळाला नाही, काही ठिकाणी उलट थोडी वाढच दिसली. रेल्वे निवडण्यात अर्थ होता, कारण तिथे कामाचं माप टन-किलोमीटरमध्ये होतं, मताचा प्रश्न उरत नाही.

पंचायतींचं उदाहरण मला त्याहून बोलकं वाटतं. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. राखीव सरपंचपद चिठ्ठीने किंवा चक्राकार पद्धतीने येतं, त्यामुळे राखीव आणि बिनराखीव गावांची तुलना प्रामाणिकपणे करता येते. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानात ती केली. बंगालमध्ये आणि राजस्थानातही, महिला प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च केला, आणि बायकांच्या तक्रारींत पाणीच वर होतं. पुढच्या अभ्यासात दिसलं की गावाने दोन वेळा महिला प्रमुख पाहिली की आईबापांच्या मुलींबद्दलच्या अपेक्षा मुलांच्या बरोबरीला सरकायला लागतात. सुरुवातीला नवराच कारभार करतो, हे मी आपल्याकडे डोळ्यांनी पाहिलंय. त्याच पंचायतीत पाच वर्षांनी बाई स्वतः ग्रामसेवकाला 'दफ्तर दाखवा' म्हणताना पण पाहिलंय.

आता दुखऱ्या बाजू. त्या लपवून ठेवणारा माणूस आरक्षणाचं भलं करत नाही.

लाभ सारखा वाटला गेलेला नाही. इतर मागासवर्गाच्या उपवर्गीकरणासाठी २०१७ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती रोहिणी आयोगाने केंद्राच्या सुमारे १.३ लाख नोकऱ्या आणि प्रवेश तपासले. ९७ टक्के लाभ यादीतल्या २५ टक्के जातींकडे गेले होते, आणि ९८३ समाजांना काहीच मिळालं नव्हतं. या ९८३ समाजांसाठी आरक्षण हा फक्त एक शब्द आहे. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींमध्येही उपवर्गीकरण करता येईल असा निकाल दिला. मी त्या बाजूचा आहे, पण एका अटीवर: आधी जातवार आकडे मोजा, मग वाटणी करा. अंदाजाने केलेली वाटणी पुन्हा मोठ्या आवाजाच्या लोकांकडेच जाईल.

खोटे दाखले हा दुसरा घाव, आणि तो सर्वांत जास्त आदिवासींना बसला. नामसाधर्म्याचा फायदा घेऊन जमातीच्या जागा दुसऱ्यांनीच घेतल्या. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दावा अवैध ठरला तर नोकरीचं संरक्षण मिळणार नाही. त्यानंतर राज्यात हजारोंना अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांबाहेरच्या जादा, पदांवर वर्ग करावं लागलं. यातला प्रत्येक बिंदू पंचवीस-तीस वर्षं एखाद्या खऱ्या भिल्ल, गोंड किंवा महादेव कोळी घराचा होता. त्या घरातलं पोर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलं असेल. ती वर्षं कोणत्याही निकालाने परत मिळत नाहीत, आणि अशी वही तपासताना माझा हात खरंच जड व्हायचा.

तिसरी बाजू म्हणजे वसतिगृह आणि शिष्यवृत्ती. शाहू महाराजांनी वाट आणि जागा एकदम दिली असं वर म्हटलं. आपण पुढे जागा ठेवल्या आणि वाटेकडे दुर्लक्ष केलं. निर्वाह भत्ता सहा-सहा महिने उशिरा आला की पहिल्या पिढीचं पोर वर्ष सोडून घरी जातं. मग ती जागा रिकामी राहते आणि आपण म्हणतो, 'बघा, उमेदवारच मिळत नाहीत.'

आणि या सगळ्याच्या वर, पदंच कमी होतायत. बाह्यस्रोतातून भरलेल्या शिपाई, चालक, डेटा एन्ट्रीच्या जागा माझ्या वहीत येतच नसत. पद नाही म्हणजे बिंदू नाही. ज्या जागांसाठी तुम्ही आणि तुमचा राखीव प्रवर्गातला मित्र एकमेकांकडे संशयाने बघता, त्यातल्या कितीतरी दोघांच्याही हातून एकदमच गेल्यात.

आता तुमचा आर्थिक निकषाचा प्रश्न. तुमच्या वडिलांच्या शेतीचं दुःख मला परकं नाही. पाऊस हुकलेल्या वर्षांत पंचनाम्याची कामं मी केलीत. पण रोग दोन आहेत. गरिबी पैशाने हटते. जातीमुळे दार बंद होतं ते पैसा आल्यावरही बंद राहू शकतं. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. दलित नावाच्या उमेदवाराला मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या मानाने सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. त्या अर्जांवर उत्पन्न लिहिलेलंच नव्हतं.

उत्पन्नाचा विचार आरक्षणात अजिबात नाही, असंही नाही. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने इतर मागासवर्गातल्या प्रगत घरांना बाजूला काढलं, आणि नॉन-क्रिमिलेअरची मर्यादा २०१७ पासून ८ लाख आहे. त्याच निकालाने निव्वळ आर्थिक निकषावरचं १० टक्के आरक्षण रद्द केलं होतं. पुढे २०१९ मध्ये १०३ व्या घटनादुरुस्तीने ते आणलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तीन विरुद्ध दोन अशा मताने ते टिकलं. म्हणजे तुमच्यासाठीही आज १० टक्क्यांची सोय आहे. माझी तक्रार त्यातल्या ८ लाखांच्या मर्यादेबद्दल आहे. वर्षाला ८ लाखांच्या घरातला मुलगा आणि कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा एकाच रांगेत उभे केले तर कोण पुढे जाईल हे सांगायला नको. मर्यादा खाली आणा अशी मागणी तुमच्यासारख्यांनी जोरात करायला हवी. त्याशिवाय राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. गरिबीच्या रोगावर खरं औषध तिकडे आहे, ते वेळेवर आणि पुरेसं मिळायला हवं.

दहा वर्षांचं म्हणाल तर ती गल्लत फार जुनी आहे. दहा वर्षांची मुदत अनुच्छेद ३३४ मध्ये आहे आणि ती लोकसभा-विधानसभेतल्या राखीव जागांपुरती आहे. ती दर वेळी वाढवली जाते, सध्या २०३० पर्यंत आहे. नोकरी आणि शिक्षणातल्या आरक्षणाला घटनेत मुदत घातलेली नाही. तिथली अट 'पुरेसं प्रतिनिधित्व' ही आहे, आणि ती पुरी झाली का हे कॅलेंडर बघून कळत नाही, वही बघून कळतं.

ती वही तुम्हालाही बघता येते. तुमच्या तालुक्यातलं कुठलंही एक कार्यालय किंवा अनुदानित संस्था निवडा. माहितीच्या अधिकारात एका संवर्गाची अद्ययावत बिंदुनामावली, मागासवर्ग कक्षाच्या तपासणीचा शेरा आणि मागच्या दोन भरतींच्या निवड याद्या मागा. गोषवाऱ्याचं पान आधी वाचू नका, त्याने दिशाभूल होते. निवड यादी आणि वही शेजारी ठेवा आणि एकेका नावापुढे बघा: हा माणूस कोणत्या यादीतून आला आणि कोणत्या बिंदूवर दाखवलाय. शक्य झालं तर तुमच्या त्या राखीव प्रवर्गातल्या मित्राला सोबत घेऊन बसा. साठ पदांची वही असेल तर एका दुपारचं काम आहे. कुठे अडलात तर रकान्यांचा फोटो पाठवा, मी सांगतो.